गुदगुल्यांवरचा उतारा

मी कमी बोलणारा माणूस आहे. बायको म्हणते, ह्यांच्यापेक्षा रेडिओ बरा, निदान मधूनमधून गाणी तरी लावतो. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, तिथले साहेब मला बैठकीला आवर्जून न्यायचे, कारण मी कुणाला काही बोलणार नाही याची त्यांना खात्री. सगळ्यांना वाटतं, हा जन्मापासून असाच. पण ऐंशीच्या दशकात, चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा निघाला होता त्या दिवसांत, सिंदेवाहीपासून वडशापर्यंतच्या मंडयांमध्ये, म्हणजे गावजत्रांमध्ये, माझ्याइतकं वाईट तोंड दुसऱ्या कुणाचं नव्हतं. लोक कुस्ती बघायला यायचे आणि आधी माझ्याभोवती गोळा व्हायचे. वाटेल ते बोलण्यासाठी मला बैलबंडीत बसवून परगावी नेलं जायचं. आणि हे सगळं कशासाठी, तर एका पैलवानाला गुदगुल्या व्हायच्या म्हणून.

तो पैलवान माझा मित्र. पहिलीपासून आम्ही एका तरटावर बसलो. अंगाने मोहाच्या खोडासारखा, धानाचं पोतं बंडीत असं टाकायचा की बैल दचकून मागे बघत. आमचे उस्ताद लाकडाच्या डेपोत आरा ओढायचे आणि संध्याकाळी पोरांना कुस्तीच्या हौदात घुमवायचे. त्यांनी त्याला घडवायला घेतला तेव्हा गावाला वाटलं, आता आपल्याकडेही एक नाव होणार. पट काढणं, ढाक, धोबीपछाड, सगळे डाव त्याला यायचे. फक्त समोरच्याचा हात त्याच्या बरगडीला लागायला नको. लागला की संपलं. आधी नाकातून एक बारीक फुर्र असा आवाज, मग खांदे हलायला लागायचे, मग गुडघे जायचे, आणि मग तो प्रचंड देह लाल मातीत आपणहून आडवा व्हायचा आणि हसायचा. डोळ्यांतून पाणी काढून हसायचा. समोरचा गडी बिचारा वर बसून पंचांकडे बघत विचारायचा, "हे चितपट धराचं का नाई?"

आता कुस्ती म्हणजे बरगडीला हात लागणारच. हात न लावता कुस्ती खेळायची तर ते नाटक झालं.

उस्तादांनी सगळे उपाय केले. राखेने बरगड्या चोळून घेतल्या, कडुनिंबाचा पाला बांधला, लंगोटावर जाड पट्टा आवळला. एक आठवडा तर रोज सकाळी दोन पोरांना त्याच्या बरगड्यांना बोटं लावत बसवलं, की सवय होऊन जाईल. सवय पोरांना झाली. चौथ्या दिवशी तीही हसायला लागली आणि मग उस्तादही, आणि हौदात सगळे पाठीवर.

इलाज सापडला तो एका बकरीमुळे.

आमच्याकडे दिवाळी झाली, धान घरात यायला लागलं, की गावोगाव मंडई भरते. सोयरे येतात, लेकी-जावई येतात, दिवसा कुस्त्या आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. अशाच एका मंडईत त्याची कुस्ती होती. त्याच्याजवळ एक शेला होता, आयुष्यात जिंकलेला एकमेव, तोसुद्धा समोरचा गडी तापाने आला नाही म्हणून मिळालेला. तो शेला त्याने बाभळीवर टाकला, लंगोट आवळला, वळून बघतो तर कुणाचीतरी बकरी अर्धा शेला खाऊन उरलेल्या अर्ध्याकडे शांतपणे वळली होती. इतक्या वर्षांत मी त्याला रागावलेला बघितला नव्हता. कान लाल झाले. "अबे, माया शेला!" एवढंच म्हणाला आणि तेवढ्यात त्याला पुकारलं. तो तसाच हौदात उतरला. समोरच्याने पहिल्याच झटक्याला बरगडीला मिठी घातली. आम्ही डोळे मिटले. फुर्र आवाज आला नाही. डोळे उघडले तर समोरचा आभाळाकडे तोंड करून पडला होता आणि आमचा हौदाच्या काठावर उभा राहून विचारत होता, "कोनाची आहे बे ते बकरी?"

उस्ताद मटकन खाली बसले. म्हणाले, "राग आला का याच्या गुदगुल्या मरते. आजपर्यंत काऊन नाई समजलं मले?"

पुढच्या मंडईला आम्ही बकरी घेऊन गेलो. खोटं वाटेल, पण खरंच घेऊन गेलो. बंडीत उस्ताद, पैलवान, मी, बकरी आणि नवीन कोरा शेला. हौदाशेजारी बकरी बांधली, तिच्यासमोर शेला पसरला. बकरीने तो हुंगला आणि मान फिरवली. वाटेत उस्तादांनी माणुसकी म्हणून तिला पोटभर चारलं होतं. कुस्तीची वेळ झाली, उस्ताद बकरीच्या तोंडात स्वतः शेला कोंबताहेत, बकरी ओरडते आहे, आणि आमचा पैलवान हे बघून इतका हसला की त्या दिवशी त्याला बरगडीला हात न लावताच चीत करण्यात आलं.

परत येताना उस्ताद म्हणाले, "जनावराच्या भरोशावर नाई होत. मानूसच पाहिजे." आणि माझ्याकडे बघितलं. "तू लहानपनापासून ओळखतं त्याले. त्याले काय लागते, काय नाई लागत, तुलेच माहीत. कुस्तीच्या आधी तू त्याले राग आनून देत जा."

मी तेव्हाही फार बोलका नव्हतो. पण त्या शब्दांनी माझ्या डोक्यात काहीतरी दार उघडल्यासारखं झालं. ज्याला कुणी काही विचारत नाही अशा पोराला एकदम काम मिळालं होतं, आणि काम काय, तर आपल्या जिवलग माणसाला तोंडाला येईल ते बोलायचं.

सुरुवातीला मी सगळं चुकीचं केलं. जाड्या म्हटलं, तो म्हणाला, "हो ना गा, कालच पैजामा फाटला." त्याच्या बैलांना म्हातारे म्हटलं, तो म्हणाला, "बाबाले हेच सांगून राह्यलो मी." खरं बोललं की त्याला काही वाटायचंच नाही. मग एकदा वैतागून मी म्हणालो, "आन् चौथीत माही पाटी कोन फोडली होती? तूच!" त्याने फोडली नव्हती. पाटी माझ्याच हातून पडली होती आणि ते आम्हा दोघांना माहीत होतं. त्याचा चेहरा बदलला. "मी? मी फोडली?" कान लाल. "अबे, तुया हातून सांडली! मी तर तुकडे गोळा करू लागलो तुले!" आणि तसाच तावातावाने हौदात गेला आणि जिंकून आला.

तर त्याचं मर्म हे होतं. खरं बोललेलं तो हसून घ्यायचा, खोटा आळ त्याला सहन व्हायचा नाही. मग मी आळ घालण्यात पारंगत झालो. विटीदांडूत डाव चोरला. बोरं एकट्याने खाल्ली. सगळ्यात गुणकारी आळ म्हशीचा. "तुया मामाची म्हैस हरवली ना त्या साली, ते तूच सोडली होती, मले सगळं माहीत आहे!" वास्तविक ती म्हैस शोधत तो दोन दिवस रानात उपाशी हिंडला होता आणि शेवटी त्यानेच आणली होती. म्हैस म्हटलं की तो थरथरायचा. लोकांनाही ते पाठ झालं. मी तोंड उघडलं की मागून पोरं ओरडायची, "म्हशीचं बोल! म्हशीचं बोल!"

पण हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. रागाचं प्रमाण सांभाळावं लागायचं, भाजीतल्या मिठासारखं. कमी पडला तर फुर्र. आणि एकदा जास्त झाला. ब्रह्मपुरीकडच्या एका मंडईत मी भरात आलो, लोक टाळ्या देत होते, मी म्हैस झाल्यावर बोरं, बोरं झाल्यावर पाटी, असं एकावर एक चढवत गेलो. त्याला पुकारलं, तो हौदात उतरला, सलामी झाली, आणि तो समोरच्याला सोडून हौदाबाहेर माझ्यामागे धावला. मी आलूबोंड्याच्या दुकानामागून, आकाशपाळण्याखालून, नाटकाच्या मांडवातून पळतो आहे, तो लंगोटावर माझ्यामागे, त्याच्यामागे उस्ताद, उस्तादांमागे अर्धी मंडई. मांडवात बायका नाटकासाठी आधीच जागा धरून बसल्या होत्या, त्या किंचाळत उठल्या. शेवटी दोघंही एका कढईशेजारी धापा टाकत बसलो. त्याने विचारलं, "मी काऊन धावत होतो बे?" आणि तिथेच हसायला लागला. कुस्ती समोरच्याला दिली. तो एकटाच हौदात उभा होता ना.

उस्तादांनी तेव्हा मला रागाबद्दल जे सांगितलं ते मी पुढे कुणाकडूनच इतकं स्वच्छ ऐकलं नाही. म्हणाले, "पाह्य. थोडा राग आला का मानूस जागा होते, अंग एकजागी येते, मार लागत नाई. पन जास्ती आला का तो समोरच्याशी खेळत नाई, आपल्या रागाशी खेळते. मंग डाव आठवत नाई, दम टिकत नाई, निसती ताकत. तू त्याले जागा कर. पेटवू नको."

मी मान डोलावली. समजलं मला असं वाटलं होतं.

खोट्या आळाचं आणखी एक बरं होतं. तो राग घामासारखा वाळून जायचा. कुस्ती संपली की माझ्या खांद्यावर हात टाकून तो म्हणायचा, "काय बोलला बे आज! बोरं तं तूच खाल्ले होते!" आणि आम्ही चणे खात नाटकाची पेटी वाजायची वाट बघायचो. दोन हिवाळे असे गेले. आयुष्यात मी इतका आनंदी पुन्हा कधी नव्हतो.

मग ती मुलगी आली.

धानोऱ्याकडे एका लग्नात तो वऱ्हाडी म्हणून गेला होता. हळदीच्या धांदलीत नवरीकडच्या एका मुलीने गंमत म्हणून त्याच्या बरगडीत बोट खुपसलं. तो हळदीच्या घंगाळात बसला. बसल्यावर हसतच राहिला, पिवळाजर्द. ती मुलगीही हसत राहिली. परत आला तेव्हा त्याच्या कानामागची हळद निघाली नव्हती आणि तो ती काढूही देत नव्हता. "तिले मी आवडलो बे," म्हणाला. "निसतं हसलो, आन् आवडलो."

मुलीला वडील नव्हते, मामाने वाढवलेली. आणि मामा जुना पैलवान, कान मोडलेले, मान रेड्यासारखी. त्याने चौकशी केली तेव्हा त्याला काय कळणार? हौदात हसून लोळणारा गडी. आमच्या गावच्या मंडईला तो स्वतः आला. सोयरिकीची बोलणी आमच्याकडे मंडईतच होतात, एकीकडे वडे तळत असतात आणि एकीकडे कुणाचंतरी जन्माचं ठरत असतं. मामा ओसरीत बसला, पाणी प्यायला आणि उस्तादांना म्हणाला, "पोरगा चांगला आहे म्हंते. पोट्टीचंही मन आहे. पन हौदात हसते म्हंते. माया उभ्या जन्मात मी तसा मानूस नाई पाह्यला. हौद म्हंजे देवाची जागा. आज मी पाह्यतो. हरला तं हरू द्या, काई हरकत नाई. हसला तं सोयरीक नाई."

म्हणजे जिंकायचंसुद्धा नव्हतं. फक्त हसायचं नव्हतं. उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आज तुयी कुस्ती आहे," म्हणाले.

दुपारी हौदाच्या काठावर मी त्याला बाजूला घेतला. समोरचा गडी वडशाकडचा, आमच्याच वयाचा, साधा शेतकऱ्याचा पोर, तोही आपल्या माणसांत लंगोट आवळत होता. मामा पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. मी सुरू केलं. "पाटी तूच फोडली." तो माझ्याकडे बघून गोड हसला. "फोडली असंन बे." "बोरं तूच खाल्ले!" "घे ना, आता आनून देतो." मी घाबरलो. "म्हैस! म्हैस तूच सोडली!" त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "हो भाऊ. मीच सोडली. जाऊ दे ना आता." प्रेमात पडलेल्या माणसाला राग आणता येत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा सगळा साठा पाच मिनिटांत संपला. मागून पोरं ओरडत होती, मी नवीन आळ शोधत होतो, विहिरीत घागर टाकल्याचा, कुणाचा भोपळा पळवल्याचा, आणि तो प्रत्येकाला कबुली देत होता. अख्ख्या तालुक्याचे गुन्हे त्याने त्या दिवशी अंगावर घेतले.

आणि मग, कुणीही हात लावला नसताना, त्याच्या नाकातून फुर्र आवाज आला. त्याने मामाकडे बघितलं होतं. पंचांनी त्याला पुकारलं.

इथे मला एक गोष्ट सांगावी लागते. ती मी आतापर्यंत मागे ठेवत आलो.

त्याचे वडील पूर्वी आलापल्लीकडे सागाच्या डेपोत मजुरीला होते. हा शाळेत जाण्याआधी, बिऱ्हाड तिकडेच असताना, एकदा त्यांचा डबा घेऊन गेला. त्याच्यासमोर थप्पीवरून एक लाकूड सुटलं आणि वडिलांच्या पायावर आलं. वडील ओरडले, माणसं धावली, आणि हा तिथे डबा धरून उभा राहून हसला. मोठ्याने हसला. त्याला थांबताच येईना. वडिलांनी पडल्या जागेवरून त्याच्याकडे बघितलं होतं. त्यांचा पाय पुढे कायमचा वाकडा राहिला. घरात ह्या हसण्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. त्याने हे फक्त मला सांगितलं होतं, आठवीत, तळ्याच्या पाळीवर. म्हणाला होता, "मले भेव वाटलं ना, का हासू येते. गुदगुल्याचंही तसंच आहे बे. कोनी धरलं का भेव वाटते." आणि मग म्हणाला होता, "कोनाले सांगू नको."

मी कुणाला सांगितलं नाही. त्यालाच सांगितलं. मामा बघतो आहे, पंच हात हलवताहेत, उस्ताद माझ्याकडे डोळे वटारताहेत, आणि मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "हास. बापाचा पाय मोडला तेव्हाही हासतच होता ना तू."

त्याचे कान लाल झाले नाहीत. हेच आधी माझ्या लक्षात आलं. तो पांढरा पडला. माझ्याकडे बघितलं नाही, वळला आणि हौदात उतरला. सलामीला समोरच्याने हात पुढे केला, तो ह्याने घेतला नाही. खडाखडी झालीच नाही. समोरच्याने बरगडीला धरलं, ते त्याला कळलंसुद्धा नसावं. उचलला, टाकला, वर बसला. कुस्ती संपली. लोक उभे राहून ओरडायला लागले, हलगी वाजायला लागली, आमच्या गावाला एवढी सरळ जीत कधी मिळाली नव्हती. पण तो उठला नाही. खालच्याचा हात त्याने मागे धरला होता आणि तो मुरगळत होता. मुरगळतच होता. खालचा आधी "झालं ना गा, झालं" म्हणत होता, मग नुसता ओरडायला लागला. हलगीत ते पंचांना ऐकू आलं नाही. कोपराचा आवाज मात्र मला ऐकू आला. उस्ताद कपड्यांसकट हौदात उडी मारून गेले, तेव्हा तो सुटला.

वडशाच्या पोराचा हात नंतर जागेवर बसला. पावसाळ्यात धानाच्या रोवणीला तो शेतातल्या बांधीत उतरला होता असं कळलं. पण त्या दिवशी त्याला खाटेवर घालून नेलं.

मामा उठला, धोतर झटकलं. उस्तादांना हात जोडून म्हणाला, "हासला नाई. मी बोललो ते बोललो. पन मले जे दिसलं तेही दिसलं. समोरचा हरल्यावर ज्याचा हात थांबत नाई, त्याच्या घरी पोट्टी नाई देत मी. उद्या भातात मीठ कमी पडलं तं?"

उस्तादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय बोलला तू त्याले?"

"नेहमीचंच," मी म्हणालो. "म्हशीचं."

मामा अजून ओसरीतच होता. जेवल्याशिवाय पाहुणा सोडत नाहीत, त्याला बसवला होता. मी जाऊन म्हणू शकलो असतो, की हा माणूस असा नाही, माशी मारत नाही, त्या हाताच्या मागे माझं तोंड होतं. मामा चिडला असता, मला दोन ठेवून दिल्या असत्या, पण ऐकलं असतं असं मला आजही वाटतं. मी मामाच्या पंगतीतच बसलो आणि वडे खाल्ले. मला आठवतं, वडे चांगले झाले होते.

तेव्हापासून मी कमी बोलतो.

त्याने लंगोट उस्तादांना नेऊन दिला. मला काही म्हणाला नाही, रागावला नाही, दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे शेताकडे गेलो. पण मधेच एकदा मी सवयीने त्याच्या बरगडीत बोट घातलं, तर तो थांबला आणि म्हणाला, "काय होते?" खरंच विचारत होता. त्याला काही झालंच नव्हतं. उस्तादांची राख, कडुनिंब, बकरी, कशानेच जे जमलं नाही ते मी एका वाक्यात करून दाखवलं होतं. आता तो कुणालाही हरवू शकला असता.

पुढे त्याचं लग्न नागभीडकडची एक चांगली मुलगी बघून झालं. मी वरातीत नाचलो. त्याच्या लेकरांनी त्याच्या अंगावर लोळून बरगड्या कुरतडल्या, तो त्यांच्याकडे कौतुकाने बघत बसायचा. हसायचा, नाही असं नाही. माणसं हसतात तसं हसायचा. धानोऱ्याची ती मुलगी मला एकदाच भेटली, गडचिरोलीच्या बसस्टँडवर, कडेवर पोर होतं. कुणीतरी ओळख करून दिली, ख्यालीखुशाली झाली, बस लागली, चढता चढता तिने विचारलं, "हासते का जी अजून तसंच?"

"हो," मी म्हणालो. "खूप."

गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. हे दर मंडईला ठरलेलं. दुपारची वेळ, आम्ही दोघं अंगणात, तो दोर वळत बसलेला, आत चुलीवर त्याची बायको वडे तळत होती. वड्यांचा वास आला आणि मला काय झालं कळत नाही, पण एवढी वर्षं जे घशात होतं ते एकदम बाहेर पडलं. धानोऱ्याची मुलगी, हळदीचं घंगाळ, मंडई, मामा, मी कानात काय म्हणालो, उस्तादांना काय सांगितलं, पंगतीत कसा बसलो. वाक्यावर वाक्य. इतकं सलग मी ब्रह्मपुरीच्या मंडईनंतर बोललो नव्हतो.

तो दोर वळत राहिला. हातातला पेड संपवून म्हणाला, "तू बोलला ते बोलला. पन हात माया होता. तो पोट्टा 'झालं' म्हनून राह्यला होता आन् मले ऐकू येत होतं. ते तुयावर नाई टाकू शकत मी." दोराला एक पीळ दिला. "तुले वाटलं असंन, तूच सगळं केलं. येवढा मोठा नाई तू."

मला रडू येईल असं वाटत होतं आणि तेवढ्यात दारात त्याची बायको उभी राहिली. हातात झारा, झाऱ्यातून तेल ठिबकतंय.

"कोनती पोट्टी?" ती म्हणाली.

आम्ही दोघंही दोराकडे बघायला लागलो.

"नाई, सांगा ना. धानोऱ्याची म्हंते. हळदीच्या घंगाळात बसले म्हंते. नातवंडं झाले आपल्याले, आन् मले आज समजून राह्यलं?"

"अगं, तसं काई नाई," तो म्हणाला, "हा काईबी बोलते, लहानपनापासून..."

"भाऊजी तं कधी बोलतच नाई!" ती म्हणाली, आणि ते इतकं खरं होतं की मी खाली बघितलं. ती पुढे आली, झाऱ्याची दांडी उलटी धरली आणि त्याच्या बरगडीत खुपसली. "सांगा! कशी होती दिसाले?"

फुर्र.

मी मान वर केली. त्याचे खांदे हलत होते. त्याने दोर सोडला, एक हात जमिनीला टेकला, दुसऱ्याने झारा धरायचा प्रयत्न केला, तो निसटला, दांडी पुन्हा बरगडीत गेली, आणि तो म्हातारा, पिकल्या केसांचा देह अंगणात आडवा झाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बायको आधी घाबरली. तिने हे कधी बघितलंच नव्हतं. "अगोबाई, याईले काय झालं?" म्हणत ती मागे सरली, आणि मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिने पुन्हा एकदा, जपून, फक्त बघायला, दांडी टेकवली.

तो भीतीने हसत होता की गुदगुल्यांनी, मला ठरवता येईना. त्याला तरी कुठे येत असेल. आत वडे जळायला लागले होते. त्याला श्वास घेता येत नव्हता, आणि तशातच तो माझ्याकडे हात करून ओरडत होता, "अबे... म्हैस... म्हशीचं बोल ना... लवकर बोल बे!"

मी उभा राहिलो. घसा साफ केला. आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुया मामाची म्हैस तूच सोडली होती! मले सगळं माहीत आहे!"

काही उपयोग झाला नाही. तो आणखीच हसायला लागला, आणि आता तिघंही.